उणे तीन पूर्णांक आठ

“वैजूनं हात ओढला गं माझा,” एवढं बोलून आईनं डोळे पांढरे केले.

न्हाणीच्या उंबऱ्यात ती पडली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं. उजवा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकलेला. उशाशी बसून माझी भावजय वैजयंता तोच हात ओंजळीत धरून “आत्ती, आवो आत्ती” करत होती.

मी पहिली पाळी संपवून तेवढ्यात घरात पाऊल टाकलं होतं. इस्लामपूर डेपोत मी कंडक्टर. अंगावर खाकी, खांद्याला चामडी पिशवी आणि डोक्यात सकाळपासून गाडीत बेवड्यांशी घातलेली हुज्जत. तशीही मी आधी हात उचलणारी आणि मग विचारणारी. डेपोत मला ‘शालनबाई’ म्हणत, आणि पाठीमागं काय म्हणत तेही मला ठाऊक होतं.

“सोड! सोड माझ्या आईचा हात!”

“वन्सं, ऐका तरी. आत्तींचा पाय...”

पुढचं मी ऐकलंच नाही. न्हाणीच्या भिंतीला बंबाचं जळण रचलेलं होतं. त्यातलं बाभळीचं लाकूड माझ्या हातात कधी आलं ते आजही आठवत नाही. मारलं ते मात्र सगळं आठवतं. पहिला तडाखा पाठीत बसला. ती आईच्या पलीकडं कोलमडली, तशी मी आईला ओलांडून पुढं गेले. दुसरा तिच्या डोक्यात बसायचा, पण तिनं डावा हात आडवा धरला. कट्‌कन आवाज आला. ती ओरडली नाही. आपल्या हाताकडं बघत राहिली.

“रोज मारत असशील! आम्ही दोघं कामावर गेलो की रोज मारत असशील माझ्या म्हातारीला!”

“न्हाई वो वन्सं. मुक्ताची शपथ घेते.”

मुक्ता तिची पाच वर्षांची पोरगी. ती सोप्यात उभी राहून किंचाळत होती. मी तिसरा तडाखा मारला तो मांडीवर.

तेवढ्यात उत्तम आला. माझा धाकटा भाऊ, वैजूचा नवरा, दूध डेअरीत कामाला. बुलेट फाटकात तशीच आडवी टाकून तो धावत आत आला.

“काय झालं, आक्का?”

“तुझ्या बायकोनं आईचा हात मोडला. हे बघ. डोळ्यांनी बघ.”

त्यानं एका शब्दानं काही विचारलं नाही. कशाला विचारील? आमचे वडील गेल्यापासून मी सांगेन तेच घरात खरं. त्यानं वैजूला केसाला धरून अंगणात ओढत नेलं, कमरेचा पट्टा काढला आणि बक्कल असलेल्या बाजूनं सुरू झाला. आठ-दहा तरी बसले असतील. मोडलेला हात पोटाशी धरून ती जमिनीवर गोल झाली. अंगणाभोवतीच्या गडग्यावर माणसं गोळा झाली. कुणी आत आलं नाही. शेवटी शेजारच्या सखूकाकू तिकडूनच ओरडल्या, “मेल्यांनो, आधी त्या म्हातारीला बघा की! मरायला लागली ती!”

तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं. एवढा वेळ आई ओल्या उंबऱ्यात तशीच पडली होती. तिला कुणी घोटभर पाणीही पाजलं नव्हतं.

मार म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. लग्नानंतर दीड वर्षात मी माहेरी परत आले ती मारामुळंच. नवऱ्यानं दोनदा मारलं, तिसऱ्यांदा मी त्याच्या तोंडावर तांब्या हाणला आणि पिशवी भरून निघून आले. त्याचा मला केवढा तोरा! गाडीत एखादा माणूस बाईच्या अंगाशी आला की मी गाडी थांबवून त्याला कॉलर धरून खाली उतरवायची. बाया म्हणायच्या, शालनबाई गाडीवर असली की भ्या न्हाई. आणि त्याच शालनबाईनं आपल्या घरात एका गरीब पोरीला लाकडानं बडवलं. ती पोर मला ‘वन्सं’ म्हणायची, माझी खाकी रोज इस्त्री करून ठेवायची.

इस्लामपुरात डॉक्टर मुजावरांचा हाडांचा दवाखाना होता. आमच्या जुन्या जीपमध्ये मागं आई आडवी, पुढं मी आणि उत्तम. वैजूला आम्ही नेणारच नव्हतो. सखूकाकूंनी तिला आपल्या पोराच्या मोटरसायकलवर बसवून मागोमाग आणलं.

तासाभरानं डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. उत्तम औषधं आणायला गेला होता. आतल्या खोलीत वैजूच्या हाताला प्लास्टर घालणं चाललं होतं.

डॉक्टर साठीचे, किडकिडीत, हळू बोलणारे. त्यांनी भिंतीवरच्या दिव्याच्या पाटीवर दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले.

“या दोघी एकाच घरातल्या?”

“व्हय. ही आई माझी. ती भावजय.”

“भावजय म्हणते, पायरीवरून पडले.”

मी दिव्याच्या पाटीकडं बघितलं.

“पडलेलं माणूस हात टेकतं, ताई. मग मनगट मोडतं. हे बघा.” त्यांनी वैजूच्या फोटोवर पेन टेकलं. “दोन हाडांतलं एकच मोडलंय, करंगळीच्या बाजूचं, मधोमध आडवं. कुणी डोक्यावर मारायला लागलं की माणूस हात असा आडवा धरतो, तेव्हा नेमकं हेच हाड पुढं येतं. आणि हाड कसलं भरीव आहे बघा. कडा जाड, पांढऱ्याशुभ्र. तिशीच्या बाईचं निरोगी हाड. हे मोडायला चांगली ताकद लागते.”

माझ्या उजव्या खांद्यात अजून कळ होती. मी तो खांदा नकळत मागं घेतला.

“आता आईंचं बघा. कड आहे का? कागदाएवढी. आतली जाळी विरून गेलीय. हे हाड कुणी मोडलेलं नाही. हे मोडायच्या बेतातच होतं. घसरताना कुणी धरलं, सावरलं, एवढं पुरलं असेल. न धरता पडल्या असत्या तर खुबा गेला असता, आणि या वयात खुबा गेला तर पुढं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“एक्स-रेवर नुसता अंदाज येतो,” डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले. “हाड किती ठिसूळ झालंय तो आकडा कळायला घनतेची तपासणी करावी लागते. कोल्हापुरात होते. नुसतं झोपायचं, दहा-पंधरा मिनिटं. दुखत नाही, सुई नाही, काही नाही. याआधी कधी केलीय का आईंची?”

केली होती.

दोन वर्षांपूर्वी मीच केली होती. आईची उंची कमी झाल्यासारखी वाटत होती, पाठीला बाक येत होता, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरनं लिहून दिली होती. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून खाकीवरच आईला कोल्हापूरला नेलं. रिपोर्ट इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, बारावी पास. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मी पाकीट फोडलं. आकडे होते, लाल-पिवळे-हिरवे पट्टे होते. एका रकान्यात टी-स्कोअर, शेजारी झेड-स्कोअर. आणि खाली एक ओळ होती, झेड-स्कोअर वयाच्या मानानं अपेक्षित मर्यादेत. ती मला चांगली समजली. मी आईला सांगितलं, “वयाच्या मानानं ठीक हाय तुझं. काय झालेलं न्हाई.” आईनं तिथंच हात जोडले. त्या आठवड्यात मला सलग डबल ड्युटी लागली. डॉक्टरांना दाखवायचं राहिलं, उत्तमला सांगायचंही राहिलं. ठीकच आहे तर दाखवायचं कशाला? पाकीट ट्रंकेत गेलं.

“ताई, केलीय का कधी?”

“न्हाई,” मी म्हणाले.

का म्हणाले? मला वाटत होतं की रिपोर्ट चांगलाच होता. तसं सांगायचं की मग! पण तोंडातून ‘न्हाई’ गेलं ते गेलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “भावजयीचं मी पोलिसांत कळवू शकतो. तिला विचारलं. ती नको म्हणते. तिची मुलगी तुमच्या घरात आहे म्हणाली.” जरा थांबून ते म्हणाले, “मी ते वहीत मात्र लिहून ठेवलंय.”

बाहेर आल्यावर उत्तमनं विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

“हात मोडलाय. प्लास्टर घालायचं. हाडं तपासून आणा म्हणाले.”

“आणि काय?”

“आणि काय न्हाई.”

मी चुकले असं म्हणायची मला सवयच नव्हती. डेपोत नव्हती, घरात तर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी वैजूचे दोन भाऊ आले आणि दवाखान्यातूनच तिला घेऊन गेले. धाकट्यानं उत्तमच्या शर्टाला हात घातला. त्यांची चांगलीच जुंपली. उत्तमनं त्याचं नाक फोडलं, त्यानं उत्तमच्या पोटात लाथ घातली. कंपाउंडरनं आणि मी मिळून सोडवलं. मुक्ताला मात्र आम्ही सोडलं नाही. वैजू भावांच्या जीपच्या दाराला धरून एवढंच म्हणाली, “वन्सं, पोरीला ताप हाय. तिला गार दूध देऊ नका.”

आई शुद्धीवर आल्यावर खाटेवरून सांगत होती, “शाले, माझा पाय घसरला गं साबणावर. वैजूनं धरलं म्हणून डोकं फुटलं न्हाई माझं.”

“तू गप. तिला भिऊन बोलतीस.”

“मी कशापायी भीन? खरं ते सांगते. उत्तमलाबी सांगितलं. तो म्हणतो, आक्का म्हणती तू भितीस.”

“मग भितीसच!” मी इतकी जोरात ओरडले की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आई भिंतीकडं तोंड करून झोपली. तिच्या पाठीचा बाक त्या पातळ चादरीखाली चांगला दिसत होता. मला तो दोन वर्षं दिसतच होता.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडून ते पाकीट काढलं. टी-स्कोअर, उणे तीन पूर्णांक आठ. शेजारी झेड-स्कोअर, उणे एक पूर्णांक सात. पहिल्या आकड्याखाली एक लांबलचक इंग्रजी शब्द होता. दोन वर्षांपूर्वी तो अडला म्हणून मी सरळ पुढं गेले होते. आता तो मला समजला, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तोच शब्द होता. मी रिपोर्टचे चार तुकडे केले आणि पेटत्या बंबात टाकले. वर फुंकणीनं ढोसले. सगळं जळेपर्यंत तिथून हलले नाही. मग हात धुतले आणि मुक्ताला दूध दिलं. गारच दिलं, तापवायचं सुचलं नाही. पोरीनं ते ओकून टाकलं.

आठ दिवसांनी आईला कोल्हापूरला नेलं. उचलायला माणूस पाहिजे म्हणून उत्तमही आला. दुसऱ्या कुठल्या केंद्रात जावं असं मनात आलं होतं, पण चिठ्ठीवर डॉक्टरांनी हेच नाव लिहिलं होतं आणि उत्तमनं पत्ता विचारत जीप नेऊन दारात उभी केली.

आत मशीनवर एक चुणचुणीत पोरगी होती, फरीदा नावाची. तिनं आईला विचारायला सुरुवात केली.

“आजी, कालपासून कॅल्शियमची गोळी घेतलीत?”

“न्हाई. फोनवर नको म्हणाला होता तुमी.”

“शाब्बास. अंगावर धातूचं काही नको. पिन, किल्ली, काही असेल तर काढा.”

“किल्ली न्हाई काढणार,” आई म्हणाली. तिच्या कनवटीला कपाटाची किल्ली कायम असायची.

फरीदा हसायला लागली. “आजी, मागच्या वेळी पण याच किल्लीवरून तुम्ही माझ्याशी भांडला होता.”

मी घाईनं आईच्या कनवटीची किल्ली सोडवायला लागले.

“मागच्या वेळी म्हणजे?” उत्तमनं विचारलं.

“आल्या होत्या की इथं. थांबा.” तिनं नाव टाकलं, जन्मसाल टाकलं. पडदा आमच्याकडं वळवला. “हे बघा. दोन वर्षांपूर्वी. बरं झालं, इथंच आलात. त्याच मशीनवर परत केलं की फरक खरा कळतो. मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत.”

पडद्यावर एक आलेख होता. वर हिरवा पट्टा, मध्ये पिवळा, खाली लाल. लाल पट्ट्यात एक काळा ठिपका.

“उणे तीन पूर्णांक आठ,” फरीदा म्हणाली. “म्हणजे हाडं तेव्हाच चांगली ठिसूळ होती. उणे अडीचच्या खाली गेलं की औषध सुरू करायला लागतं. कुठलं औषध चालू आहे आजींना?”

आईनं नकारार्थी मान हलवली.

“औषध नाही दिलं?” तिनं माझ्याकडं बघितलं. “तुम्हीच आला होता ना बरोबर? खाकी ड्रेसमध्ये होता.”

“त्यात लिहिलं होतं,” मी म्हणाले. “वयाच्या मानानं बरोबर हाय असं लिहिलं होतं.”

“तो झेड-स्कोअर, ताई. त्यात आजींची तुलना त्यांच्याच वयाच्या बायकांशी असते. सत्तरीतल्या कितीतरी बायकांची हाडं ठिसूळच असतात. त्यांच्यात आजी बसल्या एवढाच त्याचा अर्थ. म्हाताऱ्या माणसाचा टी-स्कोअर बघायचा. त्यात तरण्या माणसाच्या धड हाडांशी तुलना असते. म्हणून तर आम्ही म्हणतो, घरी वाचू नका, डॉक्टरांना दाखवा. आता चला आजी, झोपा.”

आईला टेबलावर झोपवलं. पायाखाली चौकोनी उशी दिली. मशीनचा हात तिच्या अंगावरून सावकाश सरकत गेला. उत्तम माझ्याकडं बघत होता आणि मी भिंतीकडं. पंधरा मिनिटांत झालं. नवा ठिपका जुन्याच्याही खाली होता. उणे चार पूर्णांक एक.

बाहेरच्या बोळात आल्यावर उत्तमनं विचारलं, “तुला माहीत होतं?”

“रिपोर्ट होता हे माहीत होतं. असा होता हे न्हाई.”

“मुजावर डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? खरं सांग.”

मी सगळं सांगितलं. दोन फोटो, कागदाएवढी कड, वैजूचं भरीव हाड. डॉक्टरांशी खोटं बोलले ते. बंब. सांगायला दोन मिनिटंही लागली नसतील.

उत्तमचा हात माझ्या तोंडावर आला तेव्हा मला दिसला होता. मी चुकवला नाही. खुर्च्यांच्या रांगेवर जाऊन आदळले, ओठ फुटला, एक दात हलला. तो परत धावून आला आणि त्यानं माझा गळा धरला.

“पट्ट्यानं मारलं मी तिला! बकलानं मारलं! तुझ्या सांगण्यावरनं!”

“मार,” मी म्हणाले. “मला मार.”

लोक धावले. दोघांनी त्याला मागं ओढलं. सुटायची धडपड थांबवून तो भिंतीशी गेला आणि तिच्यावर डोकं आपटायला लागला. आत टेबलावर आई हाका मारत होती, “उत्तम, अरं काय झालं? शाले, काय झालं गं?” नवऱ्याचा तिसरा मार खाल्ला नव्हता मी. भावाचा मार मात्र मुकाट खाल्ला, आणि तो कमी पडला असं मला आजही वाटतं.

वैजूच्या माहेरी आम्ही तिघं गेलो, मी, उत्तम आणि मुक्ता. तिच्या भावांनी आम्हाला अंगणातच उभं केलं. थोरला कोयता घेऊनच बाहेर आला होता. मुक्ता धावत आईला जाऊन बिलगली. वैजूनं तिला उजव्या हातानं कवटाळलं. डावा अजून प्लास्टरमध्ये होता. चेहऱ्यावर बकलाचा व्रण पिवळा पडला होता.

मी खाली वाकले. तिनं पाय मागं घेतले.

“वैजू, मी कागद वाचायला चुकले. मग ते लपवलं. तुझा काडीचा दोष नव्हता.”

“कागदाचं काय न्हाई, वन्सं,” ती म्हणाली. “माझी सहावी झालीय. मलाबी वाचता आला नसता. पण मी बोलत होते ते तर तुमाला ऐकू येत होतं.”

उत्तम लहान मुलासारखा रडला. तिचे भाऊ तिला पाठवायला तयार नव्हते. दोन महिन्यांनी ती आली, ती आपल्या मनानं आली. मुक्ताची शाळा आमच्या गावात होती, आणि म्हातारी एकटी कशी राहायची असं ती म्हणाली म्हणे. आल्या दिवशी मी सगळ्या आळीला गोळा केलं आणि ज्या अंगणात तिला मारलं होतं तिथं उभं राहून मोठ्यानं सांगितलं, चूक माझी होती. गडग्यावर तीच माणसं होती. सखूकाकू म्हणाल्या, “लवकर सांगितलंस बाई!”

आईला औषध सुरू झालं. वर्षातून एकदा सलाइनमधून, शिवाय रोजच्या गोळ्या. वैजू गोळ्या अगदी वेळेवर द्यायची. जेवण, अंघोळीचं पाणी, लुगडं, सगळं जागच्या जागी. भाकरी कुस्करून दुधात द्यायची. कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, ती आईला हात लावत नव्हती. उठवायचं असलं की उत्तमला हाक, तो नसला की मला. आम्ही दोघंही नसलो की ती आईजवळ खुर्ची सरकवून द्यायची आणि “आत्ती, हिला धरून उठा” म्हणायची. आईच्या हाताला हात लागू नये म्हणून गोळीसुद्धा वाटीत ठेवून द्यायची.

मी एकदा म्हणाले, “वैजू, आता कोण काय म्हणणार हाय तुला?”

“कोण न्हाई वन्सं,” ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुवून काढतात. त्या दिवशी अंगणात गोधड्यांचा ढीग पडला होता. मी दगडावर गोधडी आपटत होते, वैजू बादलीत पिळत होती. सगळीकडं साबणाचं पाणी. किती वेळा आईला सांगितलं होतं, बाहेर येऊ नको म्हणून! पण घर धुवायला काढलंय आणि आपण बसून राहायचं हे तिला जमणारं नव्हतं. ती काठी टेकत दारात आली आणि तिनं पायरीवरून पाय खाली टाकला.

काठी सरकली. आईचा तोल गेला. वैजू तिच्यापासून दोन हातांवर होती. मी पंधरा पावलांवर.

मी बघितलं. वैजूचे दोन्ही हात झटकन पुढं गेले. आईच्या दंडाला लागायला वीतभर राहिली असेल. तिथं ते थांबले. मग तिनं ते छातीशी ओढून घेतले आणि आई कुशीवर दगडावर पडली. मोठा आवाजही झाला नाही.

मी धावले. खुबा मोडला होता, पाय बाहेरच्या बाजूला फिरला होता. आई ओरडत होती. वैजू तशीच उभी होती, हात छातीशी, ओठ पांढरेफटक. घराच्या मागून उत्तम आला. त्यानं आईला बघितलं, मग वैजूला बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. तो चेहरा मी आधी एकदा पाहिला होता.

“वैजू कुठं होती?” त्यानं मला विचारलं. “आई पडली तेव्हा ही कुठं होती, आक्का?”

वैजू माझ्याकडं बघत होती. तिनं मान हलवली नाही, काही विनवलं नाही. मी काय सांगते त्याची वाट बघत होती.

“आत होती,” मी म्हणाले. “आत्ता पळत आली. जीप काढ तू.”

आई अठराव्या दिवशी गेली. ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला. उत्तमला मी खरं कधीच सांगितलं नाही, आणि आता तोही राहिला नाही. मुक्ताला सांगायचं कारण नाही.

त्या दिवशी जीपमध्ये मागच्या बाजूला आम्ही तिघीच होतो. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वैजू समोर बसली होती, ओल्या लुगड्यानं, दोन्ही हात काखेत घालून. मग आईकडं न बघता, माझ्याकडंही न बघता म्हणाली, “हात गेला होता वन्सं माझा. धरणार होते.”

“मी बघितलं,” मी म्हणाले.

“मग तुमची आठवण झाली.”